काचेवरचा उडीद

सकाळी तोंड धुवायच्या आधी अप्पा दारात उभे राहून वाऱ्याची पिशवी बघायचे. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन्ही तोंडं उघडी असलेली ती लांब कापडी पिशवी आमच्या घरासमोरच्या खांबाला बांधलेली असायची. ती फुगून आडवी झाली की आई शेगडी आतल्या कोपऱ्यात सरकवायची. ती खांबाला चिकटून सरळ खाली लोंबत असली की समजायचं, आज माळावर गवताची काडी हलणार नाही. मला त्या लोंबत्या पिशवीची भीती वाटायची. वारा नसला की माळावर आवाज फार लांबून येतात, आणि ते कुठून येतात ते कळत नाही.

केलगेरीच्या तळ्यापलीकडे तेव्हा वस्ती नव्हती. एका गिरणीमालकानं आपल्या छोट्या विमानासाठी तिथला माळ सपाट करून घेतला होता आणि अप्पांना तिथं ठेवलं होतं. गुरं हाकलायची, धावपट्टीवरचे दगड वेचायचे, विमानाच्या चाकांखाली लाकडी ठोकळे लावायचे आणि काढायचे, फोन घ्यायचा, एवढं त्यांचं काम. दोन खोल्या राहायला आणि त्यांना लागून तिसरी फोनची. आम्ही तिकडे राहायला गेलो तेव्हा माझी चौथी झाली होती. शाळा लांब पडली ती कायमची. मला त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही. वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नसे; गुरुजी नाव विचारायचे तेव्हा शेजारची मुलगी माझं नाव सांगायची. माळावर कुणी नाव विचारणारं नव्हतं.

त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे. चुलीवरची जोंधळ्याची भाकरी, शेंगांची चटणी कुटताना उठणारा लसणाचा वास, आणि त्या सगळ्यावर पसरलेला विमानाच्या तेलाचा गोडसर वास. अप्पांच्या धोतराला तो इतका मुरलेला होता की आई ते वेगळ्या बादलीत भिजवायची. विमान चालवायला जे यायचे त्यांना आम्ही कप्तान म्हणायचो. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. घरात कानडी बोलणारा, आमच्याशी मराठी बोलणारा, पन्नाशीकडे आलेला माणूस. मला ते तंगी म्हणायचे, धाकटी बहीण. आले की आधी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून विचारायचे, "अक्का, दही आहे का दह्याची गोष्ट आहे?" आई पदर तोंडाला लावून हसायची आणि वाटी पुढे करायची.

कप्तान आभाळाला रस्ता समजायचे, आणि त्या रस्त्याचा अर्धा भाग दुसऱ्याचा होता. धावपट्टीवरून मावळतीकडे उडालं की डावीकडे कलघटगी, रान, मोकळं आभाळ. उजवीकडे, बऱ्याच लांब, लष्कराचा विमानतळ होता. त्यांची विमानं शिकायला, सराव करायला आमच्या उजव्या हाताच्या आभाळात यायची. रोज सकाळी तिथून फोन यायचा की आज अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत, अमुक उंचीच्या वर, ही बाजू बंद. फोनच्या खोलीत भिंतीवर काळा फळा होता. त्याच्यावर पांढऱ्या रंगानं तळं, रेल्वेचा रूळ, हुबळी, धारवाड, कलघटगीचा रस्ता असं कायमचं काढलेलं. अप्पा त्याच्यावर लाल खडूनं बंद भाग आखायचे आणि शेजारी वेळ लिहायचे. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा बरं, म्हणून पुढे पुढे वेळ मी लिहायला लागले. ते फोनवर ऐकून बोलायचे, मी लिहायची. फळ्यावर लाल रेघा ओढताना मला वाटायचं, आभाळात खरंच असं कुंपण असेल, आणि पाखरं ते वळसा घालून जात असतील.

दारावर एक पाटी टांगलेली असायची. ती आमच्या घरच्या रीतीमुळे आली होती. आमच्याकडे घराबाहेर निघालेल्या माणसाला "कुठे?" असं विचारत नाहीत, आणि निघाल्यावर मागून हाक मारत नाहीत. विचारलंच तर "लांब का?" एवढंच विचारायचं. आई याबाबतीत फार कडक होती. तिचा भाऊ लहानपणी विहिरीकडे निघाला असताना तिनं त्याला मागून हाक मारली होती, आणि तो परत आला नव्हता. ती हे कधी सांगायची नाही, मला मावशीकडून कळलं. आता अप्पांचं तर कामच असं होतं की विमान कुठे जाणार ते विचारून ठेवायचं, आणि ते बंद आभाळाच्या बाजूला जाणार असलं तर आधी लष्कराकडे फोन करून वेळ, उंची, वाट सगळं सांगायचं. अप्पा कप्तानांना विचारायचे, "लांब का, साहेब?" कप्तान म्हणायचे, "तुझ्या लांबचं मी काय करू?" शेवटी त्यांनी स्वतः ही पाटी आणली. निघायच्या आधी ते पाटीवर लिहायचे: केलगेरी, कलघटगी, परत. अप्पा ती वाचायचे. विचारावं लागायचं नाही, आईला बोलायला जागा राहायची नाही. सगळ्यांचं भागलं, असं आम्हाला वाटलं.

फाल्गुन-चैत्रात शेतांतला पाला जाळायचे, आणि दुपारी आभाळ चुना फासल्यासारखं पांढरं व्हायचं. माळ कुठे संपला आणि आभाळ कुठे लागलं ती रेघच पुसून जायची. अशा दुपारी लष्कराची विमानं यायची. ती यायची तेव्हा आवाज नसायचा, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आधी आमच्या कोंबड्या एकदम जमिनीला चिकटायच्या, पंख आवळून, डोळे उघडे ठेवून. मग काहीतरी डोक्यावरून सरकून जायचं. आणि ते गेल्यावर, आभाळ रिकामं झाल्यावर, तो आवाज यायचा, छपराचे सगळे पत्रे थरथरवत. तुम्ही आवाजाकडे मान वळवलीत तर तिथं काहीच नसायचं. ते कधीच पुढे गेलेलं असायचं. मग कोंबड्या उठायच्या, पण लगेच नाही. थोडा वेळ तशाच बसून राहायच्या, आणखी कुणाची तरी वाट बघितल्यासारख्या.

कप्तानांना मी त्याबद्दल विचारलं नव्हतं, मी कुणाला काही विचारत नसे. पण एकदा मी कोंबड्यांकडे बघत उभी होते ते त्यांनी पाहिलं, आणि म्हणाले, "तुझ्या कोंबड्या शहाण्या आहेत तंगी. ही लष्कराची विमानं एकटी फिरत नाहीत, जोडीनं फिरतात. पहिलं दिसलं की माणूस बघत बसतो, सुटलो म्हणतो. मारतं ते दुसरं. एक दिसलं की तिकडची नजर काढायची आणि दुसरं शोधायचं." मग त्यांनी आईकडून एक काळा उडीद मागून घेतला, जिभेवर ओला केला आणि फोनच्या खोलीच्या खिडकीच्या काचेला चिकटवला. मला खुर्चीवर बसवलं. "ही खोली म्हणजे तुझं विमान. समोर लांब दुसरं विमान आलं, ते काचेवर एवढंच दिसतं, उडदाएवढं. ते काचेवर इकडून तिकडे सरकायला लागलं तर खुशाल बस, ते आपल्याला चुकवून जाणार. पण ते सरकलं नाही, जिथल्या तिथं राहिलं आणि नुसतं मोठं व्हायला लागलं, तर समज ते आपल्याकडेच येतंय. आणि गंमत अशी, की हलणारी वस्तू डोळ्याला दिसते. न हलणारी दिसत नाही. काचेवरचा डाग वाटतो." मी उडदाकडे बघत राहिले. "मग काय करायचं?" हे मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. "ते हलत नसेल तर आपण हलायचं. वळायचं. ते बघेल आणि वळेल, असं धरून चालायचं नाही." आणखीही ते सांगायचे: दिवसासुद्धा दिवे लावून उडायचं, मान सारखी फिरती ठेवायची, आभाळ तुकड्यातुकड्यानं बघायचं, भाकरीवर बोटं फिरवून काठ जाड-बारीक बघतो तसं. तो उडीद काचेला बरेच दिवस होता. दुपारी मी खोलीत गेले की आधी त्याच्याकडे नजर जायची, सरकला का बघायला.

हे लिहिते आहे ती वही मी लुगड्यांच्या घडीत ठेवते. घरात कुणाला ठाऊक नाही, आणि असू नये. मागच्या आठवड्यात नातीनं तिच्या फोनवर मला एक गंमत दाखवली. आभाळात आत्ता कुठलं विमान कुठे आहे ते त्याच्यात दिसतं. हुबळीहून सुटलेलं एक पिवळं विमान नकाशावर मुंगीसारखं चाललं होतं. आम्ही गच्चीत उभ्या होतो. आवाज आला, तिनं बोट दाखवलं, "हे बघ आज्जी, हेच." ते गेलं. मग आणखी एक आवाज आला, खालचा, जाड. तिनं फोनमध्ये पाहिलं, तिथं काही नव्हतं. म्हणाली, लष्कराची यात दिसत नाहीत. आणि फोन बंद करून खाली गेली. मी बराच वेळ वर थांबले.

तर तो दिवस. अप्पा त्या माळावर आठ-नऊ वर्षं राबत होते आणि एकदाही विमानात बसले नव्हते. कप्तान दरवर्षी म्हणायचे, एकदा फिरवून आणतो, अप्पा दरवर्षी म्हणायचे, विमानाला माणसं लागतात की खाली पण. त्या दिवशी मात्र कप्तान एकटेच आले, विमान नुकतंच दुरुस्त झालं होतं, जरा फिरवून बघायचं होतं, आणि त्यांनी अप्पांचं ऐकूनच घेतलं नाही. अप्पा दाढी करायला बसले. आईनं ट्रंकेतून लग्नाचा कोट काढला. असं घर मी कधी पाहिलं नव्हतं. आई शिऱ्याला रवा भाजत होती आणि मधेच थांबून हसत होती. फळ्यावर सकाळी मीच लिहिलं होतं: उजवी बाजू अकरापासून बंद. कप्तानांनी ते आल्या आल्या वाचलं होतं. मग पाटीवर लिहिलं: केलगेरी, कलघटगी, परत. सगळं डावीकडचं. बंद भागाशी त्याचा संबंधच नव्हता.

मग फोन वाजला. अप्पांच्या गालावर साबण होता. ते आतून ओरडले, "सुशे, घे गं." मी फोन उचलला तेवढाच. बोलले नाही. पलीकडचा शिपाई रोजचाच, त्याला वाटलं अप्पाच आहेत. तो घाईत म्हणाला, आज सरावाची वेळ अलीकडे आणली आहे, साडेदहापासून बंद, आणि ठेवून दिला. मी खडू घेतला, अकरा पुसलं, साडेदहा लिहिलं, चांगलं मोठं, खाली दोन रेघा ओढल्या. मला तेव्हा वाटलं की माझं काम झालं. फळ्यावर लिहिलं की सगळ्यांना कळतं, रोज असंच होत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. अप्पांनी आतून विचारलं, "कुणाचा?" मी म्हटलं, "त्यांचाच." त्यांनी पुढे विचारलं नाही. आरशात बघून मिशी कापत होते.

आईनं दोघांच्या हातावर दही घातलं. दोघं निघाले. अप्पा त्या कोटात अवघडून चालत होते. विमान घरापासून शंभरेक पावलांवर. वारा पडलेला होता, पिशवी सरळ खाली लोंबत होती, त्यामुळे त्यांचं बोलणं दारापर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं. कप्तान म्हणाले, "तुझं गाव कुठल्या बाजूला रे? मुदनहट्टी ना? वरून देऊळ बघायचं का?" अप्पा म्हणाले, "ते उजवीकडे, साहेब. बंद आहे की आज." कप्तानांनी घड्याळ पाहिलं. "अकराला बंद. आत्ता सव्वादहा. अकराला तू इथं चहा पीत असशील." आणि अप्पा हसले. लहान मुलासारखे हसले.

मी उंबऱ्यावरून खाली उतरले. तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. आईनं माझं मनगट धरलं. "सुशे, मागनं हाक मारू नको. इतक्या वर्षांनी निघालेत." मी म्हणू शकले असते, अगं, वेळ बदलली आहे. चार शब्द. मी धावत पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहू शकले असते, मग ती मागून हाकही झाली नसती. आईच्या हातात तेवढी ताकद नव्हती. आईनं धरलं म्हणून मी थांबले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिनं धरलं याचं मला बरंच वाटलं. ओरडावं लागलं नाही. इंजिन सुरू झालं आणि मग बोलायचा प्रश्नच उरला नाही. विमान उडालं, झाडांच्या वर गेलं, आणि उजवीकडे वळलं.

आई म्हणाली, "ह्या बाजूला कसं काय?" तेव्हा मी तिला सांगितलं. ती पायरीवर बसली, दह्याची वाटी मांडीवर धरून. मी फोनच्या खोलीत गेले. घड्याळात साडेदहाला पाच मिनिटं कमी होती. माझ्या आयुष्यात मी फोनवर एक शब्द बोलले नव्हते. फोन उचलला, धारवाडच्या एक्स्चेंजची बाई कानडीत म्हणाली, कोण पाहिजे. अप्पा म्हणायचे तो नंबर मी म्हटला. ती म्हणाली, मोठ्यानं. मी पुन्हा म्हटला. बराच वेळ नुसती खरखर, आणि त्या खरखरीत खोल कुठेतरी माणसं बोलत असल्यासारखं. मग तो शिपाई आला. त्यानं हॅलो म्हटलं, परत म्हटलं, मग चिडून म्हटलं. समोर काचेवर उडीद होता. मी त्याच्याकडे बघून बोलले.

"मेरे अप्पा ऊपर हैं."

त्यानं विचारलं, "किधर?"

तो प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी असा तोंडावर विचारला होता. मी सांगितलं, मुदनहट्टी, तळ्याजवळचं, देवळावर. फोन त्यानं ठेवला नाही, टेबलावर टाकला. त्याचे पाय वाजत लांब गेले. कुणीतरी ओरडलं. मग फोनमधून तो आवाज आला. लष्कराचं विमान जमिनीवरून सुटतानाचा, पण फोनमधून, डबीत कोंडलेल्या भुंग्याएवढा. एका कानात तो होता आणि दुसऱ्या कानात आमचा माळ, काहीही नसलेला. फोनमधला आवाज बारीक होत गेला आणि संपला. मला समजलं की ते विमान आता आभाळात आहे, तिथं आणि इथं यांच्यामध्ये कुठेतरी, आणि अप्पाही तिथंच आहेत. चहाला उकळी यायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. खिडकीतून कोंबड्या दिसत होत्या. त्या एकदम जमिनीला चिकटल्या. मग तोच आवाज माझ्या दुसऱ्या कानात आला, खराखुरा, खिडकीची काच झणझणवत, आणि गेला. कोंबड्या उठल्या. मी फोन कानाला घट्ट धरून दुसऱ्याची वाट बघत होते. कोंबड्या पुन्हा चिकटल्या. आवाज आला नाही. आवाज काहीच आला नाही, आणि थोड्या वेळानं त्या उठून चरायला लागल्या.

शिपाई परत आला तेव्हा धापा टाकत होता. "एक गया था, उसको ऊपर खींच लिया," तो म्हणाला. "दूसरे को रोक दिया, पट्टी पे ही खड़ा है. बेटी, तुम्हारा नाम?" मी फोन ठेवून दिला.

ते परत आले. विमान नेहमीसारखं उतरलं. ठोकळे मीच लावले. कप्तान खाली उतरले, त्यांनी चाकाला हात लावला. देवळाला वळसा घालताना समोरून, बरंच वरून एक गेलं, एवढं ते आईला म्हणाले. मग फोनच्या खोलीत गेले आणि फळा वाचला. खाली ओढलेल्या दोन रेघा त्यांनी बोटानं पुसल्यासारखं केलं, पण पुसल्या नाहीत. "हे तू लिहिलंस?" मी मान हलवली. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "माझी चूक. निघताना परत बघायचा असतो फळा. वाट बदलली तर परत बघायचाच." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मग विचारलं, "फोन कुणी केला?" आई म्हणाली, हिनं.

अप्पा जेवताना बोलले. आईनं भाकरी वाढली होती, शिरा तसाच राहिला होता, कुणी त्याला हात लावला नव्हता. अप्पा म्हणाले, "पहिलं गेलं ते साहेबांनी बघितलं. दुसरं मी बघितलं. आपल्या खालून गेलं, इतकं जवळून की त्याची सावली आमच्या पंखावर आली." खालून जाणाऱ्याची सावली वर कशी येईल, असं आई म्हणाली. अप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "आत माणूस होता. पांढरं टोपडं. मान वर करून बघत होता माझ्याकडे. मी हात वर केला. त्यानं नाही केला."

मी सांगितलं की दुसरं उडालंच नाही, तिथंच थांबवलं होतं. दुसऱ्या दिवशी कप्तानही तेच म्हणाले. "मी दुसरं शोधत होतो, सगळी वाटभर शोधलं, खाली, मागे, दोन्ही बाजूंना, नव्हतं." अप्पा ऐकून घ्यायचे. वाद घालायचे नाहीत. फक्त मधूनच, दगड वेचताना नाहीतर चहा पिताना, म्हणायचे, "हात तरी करायचा होता त्यानं." कोंबड्या दोनदा चिकटल्या होत्या, हे मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

त्यानंतर कप्तानांनी पाटी काढून टाकली. निघताना ते दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "विचार तंगी. तू विचारल्याशिवाय मी जात नाही." आई आत जाऊन भांडी वाजवायची, म्हणजे तिला ऐकू येऊ नये. मी खाली बघून विचारायची, "कुठे?" ते सांगायचे, मी फळा वाचून दाखवायची, मोठ्यानं, रोज, आणि मग ते जायचे. पुढे गिरणी बंद पडली, विमान विकलं, कप्तान गेले, माळावर आता प्लॉट पडले आहेत. पण ती सवय माझ्या तोंडाला राहिली. दुसरं काही मी कुणाला विचारत नाही. एवढं विचारते. सून पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा मी विचारलं, तर माझा नवरा माझ्यावर चार दिवस चिडून होता.

अप्पांचं शेवटचं आजारपण आम्ही धारवाडात, सुभाष रोडच्या मागच्या गल्लीतल्या खोलीत काढलं. खाट खिडकीशी होती. ते दिवसभर काचेकडे बघायचे. मला वाटलं रस्ता बघतात. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाले, "तिथं काय आहे बघ गं." मी काच पुसली. ते म्हणाले, "पुसून जाणारं नाही ते. सकाळपासून तिथंच आहे. हलत नाही." मग म्हणाले, "मोठं होतंय." मी आईकडे पाहिलं. आई काही समजली नाही, आणि मी तिला समजावत बसले नाही. म्हटलं, आई, त्या बाजूनं धर. आम्ही दोघींनी अप्पांसकट खाट उचलून हातभर डावीकडे सरकवली. ती थकलेली, मीही काही तरुण नव्हते, खाटेचे पाय फरशीवर किंचाळले. अप्पांनी परत काचेकडे पाहिलं. "आता सरकलं," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पोटभर पेज प्यायले.

त्यानंतर ते बारा-तेरा दिवस होते. रोज दुपारी आम्ही खाट थोडी सरकवायचो. खोली केवढी, शेवटी भिंत आली. त्या दिवशी बाहेर आभाळ पांढरं होतं आणि समोरच्या वाळत घातलेल्या लुगड्याचं टोकही हलत नव्हतं. अप्पांची नजर एका जागी लागली. आई उशाशी बसली होती. जिनं आयुष्यात निघालेल्या माणसाला विचारलं नाही, आणि आम्हाला विचारू दिलं नाही, ती त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "कुठे निघालात?"

अप्पांनी उजवा हात वर केला, खिडकीकडे, ओळखीचं कुणी रस्त्यानं जाताना करतो तसा, आणि वरच ठेवला. मी दुसऱ्या बाजूनं तो धरायला गेले, खाली पडेल म्हणून. तेव्हा ते म्हणाले, "ह्या वेळी त्यानं पण केला."